हो, दोन्ही क्लेटन एकच

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या 1914च्या मक्तेदारीविरोधी क्लेटन कायद्यातला क्लेटन आणि 1918च्या अब्रॅम्स खटल्यातला (सरकारविरोधी पत्रकं वाटल्याचा खटला) न्यायाधीश क्लेटन एकच का? आणि एकच असेल, तर 'माणसाचे श्रम ही विकाऊ वस्तू नाही' असं लिहिणाऱ्याने कामगारांना वीस-वीस वर्षं कैद कशी ठोठावली?

माणूस एकच. हेन्री क्लेटन, अलाबामाचा. पण गंमत अशी की ते वाक्य त्याचं नव्हेच.

1897 पासून तो प्रतिनिधिगृहात होता, पुढे न्यायविषयक समितीचा अध्यक्ष झाला. कोळशाच्या व्यवहारांत हात ओले करणाऱ्या न्यायाधीश आर्चबाल्डवर सिनेटपुढे महाभियोग चालवणाऱ्यांत तो पुढे होता. जानेवारी 1913 मध्ये आर्चबाल्डची खुर्ची गेली. मक्तेदारीविरोधी विधेयक आणलं ते याच क्लेटनने. पण मे 1914 मध्ये राजीनामा देऊन तो अलाबामातला फेडरल न्यायाधीश झाला. राष्ट्राध्यक्ष विल्सनची सही झाली 15 ऑक्टोबरला. म्हणजे त्याच्या नावाचा कायदा झाला तेव्हा स्वारी सभागृहात नव्हतीच. श्रमांबद्दलचं ते वाक्य मधल्या काळात सिनेटमध्ये घातलं गेलं. (माझ्या वर्गाच्या नोट्समध्ये ते बिनदिक्कत क्लेटनच्या नावावर होतं. परीक्षेत तसंच लिहिलं, मार्कही मिळाले.)

आता खटला. न्यू यॉर्कच्या कोर्टात कामं तुंबली होती, म्हणून अलाबामाहून क्लेटनला तिथे बसवलं. आरोपी रशियातून आलेले ज्यू, बहुतेक अराजकवादी. अमेरिकेने रशियात सैन्य पाठवल्याच्या निषेधाची पत्रकं त्यांनी ऑगस्टमध्ये मॅनहॅटनमधल्या एका खिडकीतून खाली टाकली होती, एक इंग्रजीत, एक यिडिशमध्ये (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा). अब्रॅम्स बोलता बोलता अमेरिकन क्रांतीतल्या लोकांना 'आपले पूर्वज' म्हणाला, तर क्लेटनने त्याला तिथेच अडवलं: ते तुझे पूर्वज कधीपासून? उत्पादक वर्गाची भाषा निघाली तेव्हा सुनावलं, या देशात पडीक जमीन भरपूर आहे, जाऊन कसा की! समोर उभा असलेला अब्रॅम्स पुस्तकं बांधायचा, मॉली स्टाइमर ब्लाउजच्या कारखान्यात राबायची. अब्रॅम्स, लिपमन, लाखोव्स्की यांना 20 वर्षं, विशीतल्या स्टाइमरला 15.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. क्लेटनचा भाऊ बर्ट्रम, तोही माजी काँग्रेस सदस्य, त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला होता. खटला ऑक्टोबरचा. माझ्या मते तो न्यायाधीश म्हणून नको होता. पण तेव्हा कुणाला ते खटकल्याचं वाटत नाही.

सुप्रीम कोर्टाने 1919 मध्ये 7 विरुद्ध 2 ने शिक्षा उचलून धरली. न्यायाधीश होम्सचं भाषणस्वातंत्र्याबद्दलचं ते गाजलेलं भिन्नमत यातलंच, दुसरा न्यायाधीश ब्रँडाइस त्याच्या बाजूने. 1921 मध्ये चौघांना सोडलं, पण रशियाला रवाना होण्याच्या अटीवर. क्लेटन 1929 मध्ये वारला, तोवर न्यायासनावरच होता.