वाचकांचे प्रश्न : मोलाने लिहिलेल्या प्रतिक्रिया

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून गेले काही महिने घरबसल्या ‘कमेंट पोस्टिंग’चे काम करते. टीम लीडर रोज व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एक्सेल शीट टाकतात. त्यात परदेशी ब्लॉगचे पत्ते, मी वापरायचे नाव व ईमेल आणि प्रतिक्रियेत घालायची लिंक असते. शंभर प्रतिक्रिया मंजूर झाल्या की साठ रुपये मिळतात. ब्लॉगवाल्याने काढून टाकलेल्या प्रतिक्रिया धरल्या जात नाहीत. परवा यादीतला एक लेख एका आईने आपल्या गेलेल्या मुलाविषयी लिहिलेला होता. मी त्याखाली इंग्रजीत “छान माहिती, धन्यवाद” असे लिहून गाद्यांच्या दुकानाची लिंक दिली आणि मग दिवसभर मला चैन पडले नाही. या लिखाणाला पैसे कोण देते आणि का? हे बेकायदा आहे का? एवढे राबून हाती इतके कमी का पडते?
— एक वाचक, परभणी

उत्तर : तुमचे वाक्य कोणी वाचावे अशी पैसे देणाऱ्याची अपेक्षाच नसते, त्याला हवी असते ती त्यातली लिंक. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांवरून लिंक येतात यावरून त्या पानाचे वजन, म्हणजे शोधात ते किती वर दिसावे, हे ठरत असे, आणि गूगलचा पाया याच कल्पनेवर घातला गेला. लिंकला असे वजन आल्यावर ती विकत घेणारेही आले, आणि ब्लॉगखालची प्रतिक्रियांची मोकळी जागा त्यांना फुकटात सापडली.

जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली. ती खूण लावलेली लिंक शोधयंत्र जमेस धरत नसे, त्यामुळे हा धंदा तेव्हाच बसायला हवा होता. तो बसला नाही, कारण सगळेच ब्लॉग ती खूण लावत नव्हते आणि, माझ्या मते याहून मोठे कारण म्हणजे, या साखळीत कामाचा हिशेब परिणामावर होत नाही, संख्येवर होतो. दुकानदार एजन्सीला पैसे देतो, एजन्सी ते काम दुसऱ्या देशातल्या कंत्राटदाराला देते, तो टीम लीडरला आणि टीम लीडर तुम्हाला. वरच्या प्रत्येकाला आपल्या वरच्याला दाखवण्यापुरती भरलेली शीट हवी असते. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ हा बदल करून अशा लिंकांवर विसंबलेल्या संकेतस्थळांना खाली ढकलले, तेव्हा पूर्वी पैसे देऊन पेरलेल्या लिंक काढून घेण्यासाठी अनेकांना पुन्हा पैसे मोजावे लागले. त्या दोन्ही खर्चांतून लिहिणाऱ्याच्या पदरात काही विशेष पडले नाही.

हे काम माणसाकडून का करून घेतात, हेही समजून घ्यायला हवे. यंत्राने हजार ठिकाणी चिकटवलेले एकच वाक्य ब्लॉगवरची नकोशा प्रतिक्रिया अडवणारी गाळणी लगेच ओळखते आणि अक्षरे ओळखायला लावणारी ‘कॅप्चा’ यंत्राला अडवते, म्हणून तेथे माणूस बसवला जातो. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवांचा अभ्यास केला. हजार कॅप्चांचा बाजारभाव एका डॉलरपर्यंत उतरला होता आणि प्रत्यक्ष टंकणाऱ्याला काही ठिकाणी अर्धाच डॉलर मिळत होता. हे काम करणारे हात चीन, भारत, बांगलादेश अशा देशांतले होते. त्या वेळचा डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास धरला आणि एका कॅप्चेला दहा सेकंद दिले, तर आठ तास मान वर न करता काम केल्यावर साधारण पासष्ट रुपये होतात. जानेवारी २०११ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी १२७ रुपये झाली होती. म्हणजे संगणकापुढे बसलेल्या सुशिक्षित मुलीला बांधावर माती टाकणाऱ्या मजुराच्या निम्मे मिळत होते, आणि वीज व इंटरनेटचा खर्च तिचाच.

एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले आहे की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे घटनेच्या कलम २३ मधल्या वेठबिगारीतच मोडते, कारण पोटाची गरज हीसुद्धा सक्तीच असते. तुमच्या कामाला ते तत्त्व लागू पडते असे मला मनापासून वाटते. अडचण पुराव्याची आहे. नेमणूकपत्र नाही, मालकाचे नाव माहीत नाही, आणि मंजूर-नामंजूर ठरवणाराही तोच. म्हणून निदान जुन्या शीट, ग्रुपवरचे संदेश आणि बँकेत जमा झालेल्या रकमांची नोंद जपून ठेवा आणि थकलेले पैसे लेखी मागा.

कायद्याविषयी सांगायचे तर, केवळ नकोशी प्रतिक्रिया लिहिणे यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. तथापि तुम्ही दिलेली लिंक खोट्या औषधाकडे किंवा फसव्या कर्जाच्या ॲपकडे जात असेल, अथवा खऱ्याखुऱ्या व्यक्तीचे नाव वापरून तुम्हाला लिहायला लावले जात असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड (संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक) आणि भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम यांचा संबंध येऊ शकतो. अशा वेळी पोलिस प्रथम पोहोचतात ते जिच्या घरातून ती प्रतिक्रिया गेली तिच्याकडे. टीम लीडरने तोवर नंबर बदललेला असतो. स्वतःचे बँक खाते किंवा सिम कार्ड या लोकांना कोणत्याही कारणाने वापरू देऊ नका.

हे काम सोडा, असेच मी सांगेन. यातला मोठा दोष तुमचा नाही. तो स्वस्तात माणसे राबवणाऱ्यांचा आहे. परंतु त्या आईच्या लेखाखाली काय लिहिले गेले हे तुम्हाला लागले आहे, आणि ते लागणे योग्यच आहे. ब्लॉगवर संपर्काचा पत्ता असेल तर आपल्या खऱ्या नावाने दोन ओळी लिहा, क्षमा मागा आणि ती प्रतिक्रिया काढून टाकण्याची विनंती करा. कारणे सांगत बसू नका. टंकलेखनाचा हात बसलेलाच आहे, तर परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा द्या. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या गतीचे प्रमाणपत्र मागतात, आणि ते हाती असले की अर्ज करण्याच्या जागा निश्चित वाढतात.

प्रश्न : मी निवृत्त आहे. ‘कॅप्चा टायपिंग’साठी अडीच हजार रुपये नोंदणी शुल्क भरले. काम ९० टक्के अचूक नसल्याचे सांगून मोबदला नाकारला आणि आता ‘करारभंगा’बद्दल चाळीस हजार रुपये भरा, अन्यथा अटक होईल, अशी वकिलाची नोटीस व्हॉट्सॲपवर आली आहे. पैसे भरावेत का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एक रुपयाही भरू नका. काम देणारा कामगाराकडूनच आधी पैसे मागतो, तेथेच फसवणूक ओळखावी. या प्रकारात कॅप्चा नावालाच असतात. कमाई शुल्कातून आणि नंतरच्या धमकीतून केली जाते. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे, आणि करारभंग ही दिवाणी बाब असल्याने त्यासाठी अटक होत नाही. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार न्यायालय केवळ वाजवी भरपाई देते, आणि फसवून घेतलेली संमती तर तुम्हाला रद्द ठरवून घेता येते. मात्र खरोखरच न्यायालयाचे समन्स आले, तर ते दुर्लक्षित न करता वकिलांना दाखवा.

१९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. सोबत शुल्क भरल्याची पावती, व्यवहार क्रमांक, करार आणि नोटीस यांच्या प्रती जोडा. पोलिस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असे सांगितले गेले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही हद्दीतील असली तरी देता येते, आणि ती ईमेलने पाठवली असेल तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते.