फुलवाल्या आजींना काय उत्तर द्यावं?

मावशी,
मी ३६ वर्षांची, राजारामपुरीत राहते, बँकेत नोकरी करते. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. माहेर सत्यशोधक विचारांचं. आजोबांनी घरातली सगळी लग्नं भटजींशिवाय लावली. मीही देव मानत नाही. पण आपल्या गावात देवाचं नाव घेतल्याशिवाय कुणी बोलतच नाही. पोरीच्या हातावरची पट्टी बघून रिक्षावाले मामा म्हणतात, "आई अंबाबाई बघंल पोरीकडं." फळवाले चाचा दुवा देतात. वॉर्डातल्या सिस्टर "मी प्रार्थना करते हं" म्हणतात. मागच्या महिन्यात महाद्वार रोडवर एका फुलवाल्या आजींनी मुलीच्या हातात गजरा ठेवला आणि म्हणाल्या, "अंबाबाई शंभर वर्षं आयुष्य दील बाळा तुला." माझ्या तोंडून निघून गेलं, "तिच्या हातात असतं तर हा आजार दिलाच कशाला?" आजी गप्प झाल्या. मुलगी घर येईपर्यंत बोलली नाही. रात्री म्हणाली, "आई, मी शंभर वर्षं जगणार नाही का?" घरी सासूबाई दर शुक्रवारी तिला अंगारा लावतात, तेव्हा मी काही बोलत नाही. निदान बाहेर तरी खोटं वागू नये असं वाटतं. अशा लोकांना "थँक्यू" म्हटलं तर ती माझ्या विचारांशी गद्दारी होईल का?
— एक आई, कोल्हापूर

पोरी,

आधी मुलीच्या प्रश्नाचं बघू. तो तुझ्या प्रश्नाआधी सोडवायला हवा, कारण ती अजून त्याच्या उत्तराची वाट बघत असेल. तू तिला काय सांगितलंस ते पत्रात नाही. म्हणजे बहुतेक "झोप आता" एवढंच म्हणाली असशील. तुझ्या जागी कुणाचीही जीभ जड झाली असती. पण आज-उद्याकडे तिला जवळ घेऊन सांग, की शंभर वर्षांचं कुणालाच सांगता येत नाही, आईचंही नाही आणि आजीचंही नाही. मात्र वेळच्या वेळी रक्त चढवलं आणि अंगात साठणारं लोह कमी करणारं औषध न चुकवता घेतलं, तर हा आजार असलेली मुलं मोठी होतात, कॉलेजात जातात, नोकऱ्या करतात, लग्नं करतात. हे सगळं खरं आहे आणि तिला समजेल असं आहे. आणखी एक सांग: फुलवाल्या आजींना तू आवडलीस म्हणून त्या तसं म्हणाल्या, आईला राग आला होता तो तुझा नव्हता. आठ वर्षांच्या मुलांना आई चिडली की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. तिच्या डोक्यात अंबाबाई खरी की खोटी हा प्रश्न नसणार. आपल्या आजाराचं नाव निघालं की आईचा चेहरा बदलतो, हे तिला दिसलंय.

आता गद्दारीचं. तू आजोबांचा वारसा मनापासून जपतेस आणि मला त्याचा आदर आहे. म्हणूनच तो वारसा नीट आठवूया. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज काढला, तो देवाचं नाव घेणाऱ्या गरीब माणसाशी भांडायला नव्हे. ते स्वतः निर्मिक, म्हणजे सगळ्यांना निर्माण करणारा एक देव, मानत. त्यांचं भांडण होतं ते निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये उभं राहून दक्षिणा मागणाऱ्याशी, जन्मावरून उच्च-नीच ठरवणाऱ्याशी. आपल्या कोल्हापुरात १९११ मध्ये समाजाची शाखा निघाली ती शाहू महाराजांच्या पाठिंब्यानं. महाराज स्वतः श्रद्धावान होते. राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला नकार मिळाला, त्या वेदोक्त प्रकरणात आपल्याच राजवाड्यातल्या पुरोहिताशी त्यांनी कडवा झगडा दिला, आणि मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा सगळ्यांच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली. मुस्लिम बोर्डिंग आजही दसरा चौकात आहे, तू रोज त्यावरून जात असशील. आता तुझ्या आजोबांना त्या महाद्वार रोडवर उभं कर आणि सांग, त्या आजींनी दक्षिणा मागितली का? तुझी जात विचारली का? उलट स्वतःच्या विक्रीतला गजरा फुकट दिला. आजोबांनी ज्या माणसांसाठी लग्नाची पद्धत बदलली, त्यांपैकीच त्या एक आहेत.

तेव्हा "आजी, तुमच्या तोंडात साखर पडो" म्हटल्यानं तुझा विचार बाटत नाही. त्या क्षणी आजींनी तुझा देवावर विश्वास आहे का, असं विचारलेलं नसतं. पोरीचं भलं व्हावं एवढंच त्या म्हणत असतात, आणि ते तुलाही हवंच आहे. तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. तोंडानं "अंबाबाईची कृपा" म्हणायची गरज नाही, ते तुझ्या मनात नसताना म्हणू नकोसच. "बरं वाटलं तुम्ही विचारलंत", "असंच म्हणत राहा मामा", नुसती हसून मान हलवली तरी चालतं. कुणी मुद्दाम विचारलंच, की बाई तुम्ही देवळात जाता की नाही, तर सरळ सांग, "मी नाही जात." कोल्हापूरला हे काही नवीन नाही. इथं एका घरात वारकरी, कम्युनिस्ट आणि जोतिबाचे खेटे घालणारा असे तीन भाऊ एका ताटात तांबडा-पांढरा ओरपतात (वारकऱ्याचं ताट वेगळं, पण पंगत एकच). २०१८ ते २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा आपल्याकडच्या तालमींत बाप्पा आणि पंजे शेजारी-शेजारी बसले. त्या मांडवात कुणी कुणाला तुझं काय आणि माझं काय असं विचारत बसलं नाही.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला टोचली आणि ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाचांची दुवा तुला खटकली नाही. सिस्टरांची प्रार्थनाही नाही. रिक्षावाल्या मामांचं तू ऐकून घेतलंस. तोंड सुटलं ते एका म्हाताऱ्या बाईवर, जिनं अंबाबाईचं नाव घेऊन तुझ्या मुलीला हात लावला. आणि दोनच ओळींनंतर तू लिहितेस, की सासूबाई दर शुक्रवारी अंगारा लावताना तिला असाच हात लावतात, तेव्हा तू गप्प बसतेस. किती शुक्रवार गिळलेस ग? मला वाटतं, त्या संध्याकाळी तू जे बोललीस ते सासूबाईंना बोलायचं होतं. ओळखीच्या माणसाला बोलायची सोय नसली की अनोळखी माणूस सापडतो. तो परत भेटणार नाही, घरी भांडण होणार नाही, म्हणून राग तिकडं निघतो. "बाहेर तरी खोटं वागू नये" हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. तुला खोटं वागल्यासारखं वाटतंय ते घरात.

अंगाऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कपाळावर लावला तर पोरीला काही होत नाही, पोटात देऊ नये. पण त्याहून मोठी गोष्ट, तो लावताना सासूबाई काय बोलतात? "बरी होशील" म्हणत असतील तर तो आशीर्वाद. "कुणाचं पाप भोवतंय कोण जाणे" म्हणत असतील, तर ते त्याच दिवशी थांबवायचं. अनोळखी माणसांनाही हीच फूटपट्टी लाव. भलं चिंतणाऱ्याला वाद घालून उत्तर देऊ नये, पण दोष देणाऱ्याला गोड हसूनही सोडू नये. गतजन्म, नजर, आईनं गरोदरपणी पथ्य पाळलं नाही, असलं काहीही कुणी मुलीसमोर बोललं, की शांतपणे, मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं: "हा रक्ताचा आजार आहे. आई-बाप दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आजाराचे नुसते वाहक असले, की दर गरोदरपणी चारात एक अशी शक्यता असते. कुणाचं पाप नाही." तिनं हे तुझ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकायला हवं, म्हणजे उद्या शाळेत कुणी बोललं तर तिच्याकडे उत्तर तयार असेल.

आणि "रक्त बंद करा, आमच्या महाराजांकडं चला, तीन खेपांत गुण येतो" असं सांगणारा भेटला, तर तिथं माया-दया नको. रक्त थांबलं की पोरीच्या जिवाशी खेळ होतो. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं आणि पैसे उकळणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि असल्या माणसाला तो ऐकवायला काहीच हरकत नाही. तुझ्या आजोबांचा राग जपून ठेवायचा तो यांच्यासाठी.

तुला माहीत असेलच, पण तरी लिहिते, कारण मला यातून एक वाट दिसते. तुझ्या मुलीला आजवर मिळालेली प्रत्येक बाटली कुणा अनोळखी माणसाची होती. त्यातली किती शिवजयंतीच्या शिबिरातली, किती आंबेडकर जयंतीची, किती गणपती मंडळाची, हे कुणालाच ठाऊक नाही. ज्या माणसानं दंडाला पट्टी बांधून घेण्याआधी "आई अंबाबाई" म्हटलं असेल, त्याचंही रक्त तिच्या अंगात असेल, आणि ज्यानं काहीच म्हटलं नाही त्याचंही. मग पुढच्या वेळी मामा म्हणाले, "आई बघंल पोरीकडं," तर म्हण, "मामा, तुम्ही पण बघा की. एकदा रक्त द्या." वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान साडेबारा आणि तब्येत ठीक, एवढं असलं की देता येतं. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी. पर्समध्ये जवळच्या रक्तपेढीचा पत्ता लिहिलेल्या चार चिठ्ठ्या ठेव. सगळे देणार नाहीत. पण माणसाला भलं चिंतायचं असतं आणि त्यापुढे काय करावं ते कळत नसतं, म्हणून तो देवाचं नाव घेऊन थांबतो. तू त्याला पुढचं पाऊल दाखवशील. उन्हाळ्यात सुट्ट्या लागल्या की रक्तपेढ्यांत बाटल्या कमी पडतात, हे तू माझ्याहून जास्त जाणतेस.

आजींकडे जा. एकटी नको, मुलीला घेऊन जा. लांबलचक माफी मागू नकोस, त्यांना संकोच वाटेल. "आजी, त्या दिवशी मी तोडून बोलले, मनात काही ठेवू नका" एवढं पुरे. या वेळी गजरा विकत घे आणि त्यांचं काय चाललंय ते विचार, त्यांचे गुडघे, त्यांचा नातू, काहीही. त्या पुन्हा अंबाबाईचं नाव घेतील. घेऊ देत. मुलगी तुझ्या चेहऱ्याकडे बघत असेल, एवढं लक्षात ठेव.

आणि सासूबाईंना पुढच्या खेपेला हॉस्पिटलात सोबत ने. कधी नेलंयस का? रक्त चढायला दोन-चार तास जातात, तेवढा वेळ त्यांना मुलीच्या उशाशी बसव, सुई टोचताना हात धरायला त्यांना सांग. अंगाऱ्याचं बोलणं त्यानंतर, घरी परतताना काढ, मुलगी झोपलेली असताना.

तुझी,
मावशी