मॉनिटर जुनाच आहे, फक्त ग्राफिक्स कार्ड बदललं, तरी डोळे दुखायला लागले. असं होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण लगेच कार्डाला दोष देऊ नका. नवीन कार्ड टाकलं की रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं ते), रंगांची सेटिंग, कधीकधी रिझोल्यूशनसुद्धा (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) आपोआप बदलू शकतं. ते आधी पूर्वीसारखं करून बघा. रिझोल्यूशन पॅनेलच्या, म्हणजे मॉनिटरच्या पडद्याच्या, मूळ रिझोल्यूशनपेक्षा कमी असेल तर अक्षरं धुरकट दिसतात आणि डोळे ताणले जातात.

कार्डाचा थेट संबंध येतो तो डिदरिंगमुळे. रंग कमी पडले की दोन जवळच्या छटा भराभर आलटूनपालटून दाखवून मधली छटा भासवली जाते. हे कार्ड करतं, तसंच ६ बिटचं, म्हणजे कमी छटा दाखवू शकणारं पॅनेलही करतं. बहुतेकांना ते जाणवतही नाही, काहींना मात्र त्रास होतो अशी तक्रार असते. ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ८ बिट आउटपुट निवडून फरक पडतो का बघा.

मला स्वतःला जास्त संशय ब्राइटनेसचा येतो, विशेषतः कार्ड बदलल्यावर तुम्ही मॉनिटरचा ब्राइटनेस कमी केला असेल तर. बरेच मॉनिटर उजेड कमी करताना बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस अगदी कमी करा आणि समोर पेन्सिल जोरात हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक, सुट्ट्या सुट्ट्या पेन्सिली दिसल्या तर बॅकलाइट लुकलुकतोय. मग मॉनिटरचा ब्राइटनेस वाढवून ठेवा आणि उजेड ड्रायव्हरमधून कमी करा. काळा रंग थोडा फिका पडेल, चालतं.

बाकी, पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. पडद्यापासून लांब असतानाही दुखत असेल तर सेटिंग्जशी खेळत बसू नका, डोळे तपासून घ्या.