वाकडा रेणू आणि वळणारी रचना

प्रश्न : काही द्रवस्फटिकांतील (द्रवासारखे वाहणारे, पण ज्यांचे रेणू स्फटिकासारखे एका दिशेने मांडलेले असतात असे पदार्थ) रेणू मळसूत्रासारखे का वळतात?

उत्तर : रेणूच्या आकारामुळे. १८८८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर यांनी अभ्यासलेल्या कोलेस्टेरिल बेंझोएट या द्रवस्फटिकाचा रेणू आपल्या आरशातील प्रतिमेशी जुळत नाही, त्यामुळे शेजारचा रेणू किंचित तिरपा बसतो आणि हे तिरपेपण साठत जाऊन पूर्ण फेरा तयार होतो; त्याची लांबी दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असली, की पदार्थ रंगीत चमकतो.

मला अधिक विलक्षण वाटतो तो सीबी७सीबी हा दुसरा द्रवस्फटिक. त्याच्या रेणूत आरशातील प्रतिमेशी न जुळण्याचे असे डावे-उजवेपण मुळीच नाही; मात्र दोन ताठ टोकांना जोडणाऱ्या साखळीत कार्बन ७, म्हणजे विषम संख्येत असल्याने तो धनुष्यासारखा वाकतो. असे रेणू सरळ रांगेत नीट बसत नाहीत, म्हणून ते सुमारे ८ नॅनोमीटरच्या फेऱ्यात, कुठे डावीकडे तर कुठे उजवीकडे, वळत जातात. साखळीत ६ कार्बन ठेवले, तर रेणू जवळजवळ सरळ होतो आणि ही वळणारी रचना आढळत नाही.