शॅडो टीचरची नोकरी आणि एबीए : प्रमाणपत्राआधी नोंदवही

प्रश्न : मी सांगलीची. मानसशास्त्रात बी.ए. केलं आहे. पुण्यातल्या एका शाळेत दुसरीतल्या ऑटिस्टिक मुलासाठी शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत राहून मदत करणारी शिक्षिका, म्हणून मला बोलावलं आहे. ‘एबीए येतं का?’ असं मुलाखतीत विचारलं. मुलाने आरडाओरडा न करता वर्गात बसावं, अशी शाळेची अपेक्षा आहे. ते कसं जमवायचं? ४० तासांचा ऑनलाइन कोर्स करून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घेऊ का? त्यावर करिअर होईल का?

उत्तर : आधी वर्गातलं बोलू, कारण तिथे पाय रोवले तरच पुढचं करिअर.

एबीए म्हणजे अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस, उपयोजित वर्तन विश्लेषण. बेअर, वुल्फ आणि रिझली यांनी १९६८ साली या शाखेची सात लक्षणं मांडली. त्यातलं पहिलंच असं, की हाती घेतलेलं वर्तन त्या माणसाच्या जगण्यात महत्त्वाचं असलं पाहिजे. म्हणून ‘आरडाओरडा बंद’ हे उद्दिष्ट अर्धवट आहे. ओरडून मुलगा काय मिळवतो किंवा काय टाळतो, ते शोधायचं आणि तेच मिळवण्याचा सोपा मार्ग त्याला शिकवायचा.

शोधायचं साधन म्हणजे तीन रकान्यांची वही : आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. डोळ्यांना दिसलं, कानांना ऐकू आलं तेवढंच लिहा. ‘चिडला’, ‘मुद्दाम केलं’, ‘हट्टी आहे’ हे शब्द वहीत नकोत. ‘१०.४०. गणिताची वही समोर ठेवली. वही जमिनीवर टाकली, ४० सेकंद ओरडला. बाईंनी व्हरांड्यात नेलं.’ अशा पाच-सहा नोंदी झाल्या की तिसरा रकाना बोलू लागतो. मुलाला गणितातून सुटका मिळते आहे, आणि ती आपणच देतो आहोत.

वर्तनामागची कारणं ढोबळमानाने चार : कुणाचं तरी लक्ष मिळणं, नको त्या कामातून सुटका, हवी ती वस्तू किंवा खेळ, आणि त्या कृतीतूनच शरीराला मिळणारं काहीतरी. कारण न बघता उपाय केला की तो उलटू शकतो. ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला सगळे देतात. पण सुटकेसाठी ओरडणाऱ्याकडे दुर्लक्ष केलं आणि तेवढ्यात तास संपला, तर त्याला हवं ते मिळालंच. तोच मुलगा मधल्या सुट्टीत ओरडत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. तिथे नोंदी पुन्हा पहिल्यापासून.

कारण सुटका असेल तर ‘ब्रेक हवा’ असं चित्रकार्ड द्या. ओरडायला लागल्यावर नव्हे. अस्वस्थपणाची पहिली खूण दिसताच, वही ढकलताना, त्याच्या हाताशी सरकवा. सुरुवातीला प्रत्येक कार्ड लगेच मानायचं : दोन मिनिटं ब्रेक, मग पुन्हा तीच वही. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतं, ‘आत्ता नाही, आधी हे संपव.’ मग कार्डाची किंमत जाते आणि ओरडणं परत येतं. कार्ड अंगवळणी पडल्यावरच ‘एक गणित, मग ब्रेक’, पुढे दोन. आणि गणितच त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे का, हेही वर्गशिक्षिकेशी बोलून बघा.

जुना मार्ग चालेनासा झाला की ओरडणं आधी काही दिवस वाढू शकतं. हे बाईंना आणि पालकांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर सर्वांत वाईट दिवशी कुणीतरी हार मानतं आणि मुलगा शिकतो की जास्त जोरात ओरडलं की काम होतं. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय या वाटेला जाऊ नका.

प्रबलन (रीइन्फोर्समेंट) म्हणजे वर्तन वाढवणारा परिणाम. त्याबद्दलही गैरसमज फार. चॉकलेट दिलं म्हणजे प्रबलन झालं, असं नाही. दिल्यानंतर ते वर्तन पुढे वाढलं, तरच ते प्रबलन. ते वाढलं की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी तीन ते पाच दिवस त्याच तासाला मोजा : किती वेळा, किती सेकंद. एक दिवस दुसऱ्या कुणालातरी सोबत स्वतंत्र मोजायला सांगा. दोघांचं निदान ८० टक्के जुळलं पाहिजे. जुळत नसेल, तर बहुतेक वेळा ‘ओरडणं’ म्हणजे नेमकं काय, हेच स्पष्ट ठरलेलं नसतं.

शॅडोची खास चूक म्हणजे मुलाला खेटून बसणं. मग मूल बाईंकडे बघतच नाही, तुमच्याकडे बघतं. थोडं मागे, बाजूला बसा. सूचना बाईंचीच असू द्या. पाच सेकंद थांबा, मग बोटाने खूण, तरीही न जमल्यास हाताची मदत, तीही त्याने हात मागे घेतला नाही तर. डबा उघडायला शिकवताना क्लिपा तुम्ही सैल करा, झाकण उचलायची शेवटची पायरी त्याला करू द्या. ती जमली की त्याआधीची. तुमची मदत महिन्यागणिक कमी होत गेली, तरच काम नीट चाललं आहे.

तो हात फडफडवत असेल, डोलत असेल आणि त्याने कुणाला त्रास होत नसेल, तर ते थांबवू नका. लहानपणी एबीए थेरपी झालेल्या अनेक ऑटिस्टिक प्रौढांनी याच जबरदस्तीविरुद्ध आवाज उठवला आहे आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. शिक्षेचा तर प्रश्नच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे.

आता प्रमाणपत्र. एबीएची प्रमाणपत्रं देणाऱ्या अमेरिकेतल्या बीएसीबी या संस्थेची आरबीटी (तंत्रज्ञ), बीसीबीए (विश्लेषक) ही नावं जाहिरातींत दिसतील. पण १ जानेवारी २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांना तिच्याकडे नव्याने अर्ज करता येत नाही. तिच्या नावावर कुणी पैसे मागत असेल, तर हे आधी विचारा. क्यूएबीए आणि आयबीएओ या संस्थांचे पर्याय आहेत, पण ४० तास ही फक्त पहिली पायरी. देखरेखीखालचं काम आणि परीक्षा पुढे असतेच. भारतात विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडची नोंदणी लागते. त्यामुळे फी आधी तिकडे घाला. अभ्यासक्रमांचे नियम अलीकडे बदलले आहेत. प्रवेशाआधी त्या वर्षाची, त्या केंद्राची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा.

ही नोकरी मात्र घ्या, दोन उत्तरं मिळाली तर. आठवड्यातून किती तास आणि कोण तुमचं काम बघणार? मुलासाठी लेखी आराखडा आहे का, आणि नसल्यास तो पालकांसोबत बसून कधी होणार?