गाडीवर असताना वाजणारा फोन

प्रश्न : माझे पती रोज चिंचवडहून हिंजवडीला दुचाकीने कामाला जातात. कानात ब्लूटूथ असते. ते चार्ज केलेले नसले की मोबाईल हेल्मेटच्या आतल्या गादीत खुपसलेला असतो. मी काही म्हटले की त्यांचे उत्तर ठरलेले : "दोन्ही हात हँडलवर आहेत, डोळे रस्त्यावर आहेत, मग अडचण काय?" गेल्या महिन्यात लाल सिग्नल असताना ते सरळ पुढे गेले आणि आडव्या आलेल्या रिक्षावाल्याने कसाबसा ब्रेक मारला. तेव्हा ते माझ्याशीच बोलत होते. रागावून पाहिले, मुलांची शपथ घालून पाहिली. दोन दिवस फरक पडतो आणि मग पहिले पाढे पंचावन्न. काय करावे?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, ते म्हणजे "तेव्हा ते माझ्याशीच बोलत होते." त्याकडे मी नंतर येते. आधी आपल्या पतींचा युक्तिवाद पाहू, कारण तो बिनतोड वाटतो आणि अनेक चालक तो मनापासून मानतात. कायद्यामुळेही त्याला नकळत बळ मिळते; 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक वाहनचालनाच्या व्याख्येत फोनचा उल्लेख आला, पण तो हातात धरलेल्या उपकरणाचा.

हाताचा प्रश्न खरोखर किती मोठा आहे, हे अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी 2001 मध्ये तपासले. पडद्यावरचा हलता बिंदू जॉयस्टिकने पाठलाग करत धरायचा आणि मध्येच लाल दिवा लागला की ब्रेकचे बटण दाबायचे, असे ते काम होते. फोनवर संभाषण सुरू असताना लाल दिवा नजरेतून सुटण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले आणि फोन हातात होता की नव्हता याने काहीच फरक पडला नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांची कामगिरी मात्र ढासळली नाही. म्हणजे नुसत्या आवाजाने बिघडत नाही. ऐकलेल्यावर विचार करून उत्तर जुळवावे लागते, तिथे लक्ष खर्ची पडते. याच गटाच्या पुढच्या प्रयोगांत नजर नेमकी कुठे आहे हे यंत्राने टिपले, तेव्हा आढळले की फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडली होती, तरीही नंतर ते फलक त्यांना इतरांच्या तुलनेत फारच कमी ओळखता आले. त्यामुळे "डोळे रस्त्यावर आहेत" हे आपले पती खरेच सांगत आहेत. त्या दिवशी लाल दिवाही बहुधा त्यांच्या डोळ्यांसमोर होताच.

हे केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. टोरांटोमध्ये रेडेलमायर आणि तिब्शिरानी यांनी, ज्यांच्याकडे मोबाईल होता आणि ज्यांचा अपघात झाला होता, अशा 699 चालकांच्या फोन कॉलच्या नोंदी तपासून 1997 मध्ये निष्कर्ष मांडला, की फोन वापरताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणाने तो कमी झाल्याचे दिसत नाही. यातला कोणताच अभ्यास दुचाकीवरचा नाही. दुचाकीवर तोलही सांभाळायचा असतो आणि भोवती पत्रा नसतो, हे मी वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडे वळते. संध्याकाळी ते निघण्याच्या सुमारास आपण फोन करता का? "येताना कोथिंबीर आणा", "क्लासची फी भरलीत का" असे प्रश्न त्याच वेळी सुचतात, हे मीही घरात अनुभवले आहे. पण फोन उचलू नये असे वाटणे आणि बायकोचा फोन वाजत असताना तो न उचलणे, यात मोठे अंतर आहे. शपथ पहिल्या गोष्टीपुरतीच कामाला येते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचे संशोधन दुसऱ्या गोष्टीविषयी आहे : नुसता निश्चय न करता "अमुक प्रसंग आला, तर मी तमुक करीन" असे आधीच नेमके ठरवले, तर ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. 2006 मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही हा परिणाम ठळकपणे दिसला.

म्हणून तंटा न करता दोघांनी बसून एकेक वाक्य ठरवावे. त्यांचे : "किल्ली लावायच्या आधी मी 'निघालो' असा निरोप टाकीन आणि फोन सायलेंट करून डिकीत ठेवीन." आपले : "'निघालो' आले, की 'पोचलो' येईपर्यंत मी फोन करणार नाही, चुकून केलाच आणि मागे हॉर्न ऐकू आला, तर एक शब्दही न बोलता ठेवून देईन." कोथिंबिरीचा निरोप लिहून पाठवा, तो मंडईपाशी थांबून वाचता येतो. ऑफिसच्या वरिष्ठांचे फोन हा अवघड भाग आहे. तिथे पतींनी प्रवासाची वेळ एकदा स्पष्ट कळवून ठेवणे, यापेक्षा सोपा मार्ग मला दिसत नाही.

प्रश्न : मग मुलाच्या गाडीवर मागे बसून मी बोलते, तेही तितकेच घातक आहे का?
— एक आई, सांगली

उत्तर : सहसा तितके नाही. 2008 मध्ये ड्र्यूज, पसुपती आणि स्ट्रेयर यांनी वाहनचालनाच्या सिम्युलेटरवर चालकांना महामार्गावरून एका विश्रांतिस्थळाकडे वळायला सांगितले. मोबाईलवर बोलणारे जवळपास निम्मे चालक ते वळण चुकले. शेजारी बसलेल्या मित्राशी बोलणारे बहुतेक जण बरोबर वळले. शेजारच्याला रस्ता दिसतो, गर्दीत तो आपसूक गप्प होतो, कधी "इथून वळ" असेही सांगतो. फोनवरच्या माणसाला यातले काही दिसत नाही. आपणही चौकात बोलणे थांबवत असाल. मात्र मागे बसून मोबाईलवर तिसऱ्याशी बोलत "बाबा विचारताहेत, कधी पोचणार?" असे मुलाला विचारू लागलात, तर रस्ता न पाहणारा माणूस पुन्हा त्या संभाषणात येतो.