बाराव्या दिवशी परत मळलीस म्हणून तंबाखू सोडणं थांबवू नकोस

मित्रा, एकदा मळली म्हणून बारा दिवस वाया गेले असं अजिबात नाहीये. आधी ते '२१ दिवसांत सवय बदलते' असं म्हणतात ना, ते डोक्यातून काढ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि टीमने ९६ जणांवर अभ्यास केला होता, २०१० ला छापून आला, त्यात नवीन सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, कुणाला १८ तर कुणाला २५४ असा हिशोब निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. तो अभ्यास सवय लावण्याचा होता, व्यसन सोडण्याचा नाही, पण धीर येतो.

मी १४ वर्षं खाल्ली. जेवण झालं की हात खिशाकडे जातो ना, ते तू ठरवतच नसतोस, मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया म्हणून भाग आहे तो जेवण, पुडी, चुना, मळणं ही अख्खी साखळी एकच काम म्हणून साठवतो, आणि डोपामिन, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणारं मेंदूतलं रसायन, ते तर नुसती डबी दिसली तरी उसळतं. म्हणून मनाला दटावून भागत नाही. जेवण काही टळणार नाही, मग त्याच वेळेला हाताला दुसरं काम दे, मी बडीशेप-ओवा ठेवायचो आणि हात धुतले की लगेच चालायला निघायचो, चुन्याची डबी तर घरातूनच घालवली.

जुनी वाट पुसली जात नाही पण, गावी पारावर बसलो की मला अजून तलफ येते, थोड्या वेळात ओसरते. सुरुवातीला चिडचिड होईल, वहिनींना आधीच सांगून ठेव. फारच झालं तर १८०० ११ २३५६ ही सरकारी हेल्पलाइन फ्री आहे, लाव बिनधास्त.